शेरा

चौकट क्रमांक एकोणचाळीस.
दहा मीटर बाय दहा. तीन खुंट्या, सुतळी, कोपऱ्यांत चुना.
चौथ्या कोपऱ्यात खुंटी ठोकायला मातीच नाही,
नुसता काळा खडक, एप्रिलचा,
सकाळी साडेनऊलाच चपलेतून चटके देणारा.
म्हणून तिथं बिसराम मावस्कर उभा.
सुतळी त्याच्या कमरेला.

दरीपलीकडे मध्यप्रदेश.
दरीअलीकडेही थोडा, असं माझा फोन म्हणतो:
या धारेवर आलं की स्वागताचा निरोप,
दोन पावलं मागे सरकलं की पुन्हा महाराष्ट्र.
सीमेचा दगड कधीचा आडवा पडलाय,
त्याच्यावर बिबट्याची विष्ठा,
वाळून पांढरी, आत भेकराचे केस.
मी ती पाकिटात घेते. तारीख, वेळ, उंची.
राज्य
हा रकाना नंतर भरू.

आधी झाडं.
धावडे चार. मोई एक. सालई सात,
पानं टाकून उभ्या,
साल कागदासारखी सुटलेली,
आरपार ऊन दिसेल इतकी पातळ.
अंगावर डिंकासाठी घातलेले जुने घाव.
बिसराम जागेवरूनच एक दाखवतो:
"थो माह्या बापाचा हाये."
मी टेप गुंडाळते त्या घावाच्या वरून.
एकशे बारा. सत्त्याण्णव. एकशे तीस.
सगळ्या म्हाताऱ्या.

मग गुडघ्यांवर, रोपं शोधायला.
गेल्या वर्षी शून्य, त्याच्या आदल्या वर्षीही.
अमरावतीत पंख्याखाली बसून
मी या शून्यांचा आलेख काढलाय.
तो काढायला सोपा असतो.
पट्टी तळाशी ठेवायची आणि ओढायची.

वणवा येतो होळीच्या सुमारास.
कुठून, ते विचारलं
तर अलीकडचा वनरक्षक पलीकडे बोट दाखवतो,
पलीकडचा अलीकडे.
आगीला दोन्ही भाषा येतात.
बिसरामची बहीण दिलीय भैसदेहीकडे,
तिलाही विचारलं एकदा.
ती म्हणाली, मोहफुलं वेचायची असली
तर खालचा पाचोळा कुठं न्यायचा, तूच सांग.
मी सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं.

"म्याडम, तुमी वरतेच पायता."
बिसराम वाकला.
राखेत काडेपेटीच्या जळक्या काडीएवढं काहीतरी.
त्यानं विळ्याच्या टोकानं भोवतीची माती उकरली,
खडकाच्या भेगेत होती तेवढी,
आणि खाली मूळ निघालं,
अंगठ्याहून जाड, ओलं,
नखानं खरवडलं तर सालईचा तोच वास.

"दरसाल जयते. दरसाल फुटते.
वरते काईच नाई, खाली जाड होत जाते.
माहा पोरगा रांगत व्हता तवापासून एवढंच हाये थे."
पोरगा आता परतवाड्यात ट्रॅक्टरचे पार्ट विकतो.

मी तक्ता काढला.
जिवंत रोपं: संख्या. उंची: सेंटीमीटरमध्ये.
जमिनीपासून वर.
खाली कसं मोजायचं ते छापलेलं नव्हतं.
आणि रोप सुतळीबाहेर होतं,
एक वीत.

बिसरामनं माझ्याकडे पाहिलं,
मग दरीकडे पाहिलं,
आणि अगदी सहज, पाय मोकळे करावेत तसं,
एक पाऊल बाजूला सरकला.
सुतळी सरकली.
मूळ आत आलं.

किती वेळ गेला ते घड्याळात लिहिलं नाही.
सातभाई कलकलत खालच्या नाल्यात उतरले.
वर कुणी बघत नव्हतं,
मार्गदर्शक सर पुण्यात,
फोन दुसऱ्या राज्यात.

"बिसरामभाऊ, जागेवर या."
तो आला. थोडासा हसला, थोडासा नाही.
"लिवा मंग शून्यच," म्हणाला,
आणि उकरलेली माती परत भेगेत ढकलली,
वर तीन दगड, नुसते ठेवलेले.

मी शून्य लिहिलं.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद असतो.
त्यात बारीक अक्षरात:
सुतळीबाहेर एक. उंची नाही. जिवंत.
वय, बिसराम मावस्करांच्या मते, चोवीस.

पेनाची शाई उन्हानं पातळ झाली होती,
चोवीसमधला चार पसरला.
तो सुतळी गुंडाळत पुढे निघाला, चौकट चाळीसकडे,
कमरेची गाठ न सोडता.